पुठ्ठ्याच्या पोटातली पुस्तकं

पुठ्ठेकाकांना खऱ्या नावानं हाक मारली, तर दुसऱ्याच कुणाला तरी बोलावलंय असं समजून ते हातातलं काम चालू ठेवतात. एकदा एक सरकारी माणूस पत्ता शोधत त्यांच्याच दारात उभा राहिला आणि त्यांनाच त्यांचं नाव घेऊन विचारू लागला, तर काकांनी त्याला अगदी प्रामाणिकपणे पुढच्या गल्लीत पाठवून दिलं. बायकोनं आतून ऐकलं म्हणून बरं. "अहो, तुम्हालाच शोधतोय तो!" असं ओरडत ती त्या माणसामागे धावली. हा किस्सा ती येईल त्याला सांगते, आणि काका दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतात.

माणूस बाइंडर. आजोबा बाइंडर, वडील बाइंडर, आणि हेही बाइंडर. दुसरं काही करून बघावं असं मनात आलं होतं का, असं कुणी विचारलं की ते थोडा वेळ विचार करतात आणि "आठवत नाही बुवा" म्हणतात. रस्त्याला लागून एक लांबट खोली, तेच दुकान. शिरल्या शिरल्या डाव्या हाताला लोखंडी शिकंजा, म्हणजे शिवलेली पुस्तकं चाक फिरवून दाबून ठेवायचं यंत्र. मधे मोठं टेबल, त्यावर खळीचा डबा, ब्रश, सुऱ्या, आणि घड्यांवर फिरून फिरून गुळगुळीत झालेली लाकडी पट्टी. टेबलाखाली कागदाच्या कातरणाचा ढीग. तो रोज झाडला तरी रोज तेवढाच दिसतो. दुकानाच्या मागच्या दारातून चार पायऱ्या चढलं की घर.

काकांचा स्वभाव लोण्याहून मऊ, पण दोन-तीन गोष्टींत मात्र दगड. त्यातली एक म्हणजे, दुरुस्तीला आलेल्या पुस्तकात जे सापडेल ते पुस्तकाच्या मालकाचं. लोक पुस्तकात काय काय ठेवतात ते बाइंडरला विचारावं. वाळलेली फुलं, बसची तिकिटं, अर्धा फाडलेला फोटो, कुणाच्या तरी बाळाचं जावळ. काका ते सगळं पाकिटात घालतात आणि पुस्तकाबरोबर परत देतात. एकदा एका कादंबरीत चपटी झालेली गांधीलमाशी निघाली, तीही त्यांनी पाकिटात घालून दिली. गिऱ्हाईक त्यावर काय म्हणालं, ते मात्र काका सांगत नाहीत.

दुकानातलं दुसरं माणूस म्हणजे आत्या. काकांच्या वडिलांची धाकटी बहीण, वय ऐंशीच्या घरात. लग्न केलं नाही. काका लहान असताना त्यांची आई गेली, तेव्हापासून या आत्यानंच त्यांना वाढवलं, अभ्यासाला बसवलं, धपाटे घातले आणि शिलाई शिकवली. मागच्या खिडकीपाशी तिचा बाक. छापील कागदांच्या घड्या एकावर एक ठेवून मेणाच्या दोऱ्यानं त्या एकमेकींना शिवायच्या, हे तिचं काम. गल्लीतला लहानथोर प्रत्येक माणूस तिला आत्याच म्हणतो, आणि ती गल्लीतल्या प्रत्येकाला स्वतःच्या भाच्यासारखी बोलते. म्हणजे घालूनपाडून बोलते.

या आत्याचे डोळे गेली आठ-दहा वर्षं हळूहळू अधू होत चालले होते. मोतीबिंदू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पिकत आलाय, आता फार थांबू नका, उशीर केलात तर अवघड होऊन बसेल." पण आत्या ऐकेल तर शपथ. आधी म्हणाली, थंडी जाऊ दे. थंडी गेली तर गरमी आडवी आली. मग गुडघा दुखायला लागला. मग शाळांच्या पुस्तकांची घाई. "मी काय डोळ्यांनी शिवते का रे? बोटांनी शिवते," असं म्हणून ती सुई ओवून दाखवायची, आणि खरंच दोरा जिभेवर ओला करून नुसत्या चिमटीनं ओवायची. बघणारा थक्क व्हायचा. काका थक्क व्हायचे नाहीत. परवापरवापर्यंत ओळखीची माणसं दारातून आत आली की ती नावानिशी स्वागत करायची, आता "कोण आहे?" विचारायची. पायरी उतरताना भिंत धरायची. आणि अंदाजानं वाढून घेतलेला तिच्या ताटातला मिठाचा ढीग बायको हळूच बाजूला करायची.

तिच्या नकाराचं खरं कारण काकांना ठाऊक होतं. डॉक्टरांकडे बाकावर बसल्या बसल्या तिनं काकांचा हात असा घट्ट धरून ठेवला होता की बोटं पांढरी पडली. उभ्या गल्लीला धाकात ठेवणारी बाई डोळ्याला कुणी हात लावणार म्हणून घाबरली होती. हे काकांनी कुणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. पण त्यांच्या मनाला घोर लागला होता. तिची दृष्टी अशी बघता बघता जाणार, आणि आपण शेजारी बसून पुठ्ठे कापत राहणार, हे त्यांना सहन होत नव्हतं.

अशात एक दिवस भूगोलाच्या बाई आल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना पुष्कळ वर्षं झाली, पण नाव तेच राहिलं. त्यांच्या हातात, हातात कसलं, दोन्ही हातांच्या मिठीत नकाशांचं एक अवाढव्य पुस्तक होतं.

"माझ्या वडिलांचं," बाई धापा टाकत म्हणाल्या. "तुमच्याच दुकानात बांधलंय, तुमच्या आजोबांनी. माझ्या जन्माआधी. आता नातीला द्यायचंय, पण पाठ सुटलीय आणि पुठ्ठे बघा कसे फुगलेत. नवे घाला."

काकांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि त्यावरून हात फिरवला. आतली शिलाई अजून ताठ होती, पण पुठ्ठ्यांनी ओल धरली होती. आजोबांच्या काळी तयार पुठ्ठा मिळायची मारामार. ते रद्दी कागद खळीनं एकावर एक चिकटवत, दाबात ठेवत, आणि घरच्या घरी पुठ्ठा तयार करत. असला पुठ्ठा लोखंडासारखा टिकतो, पण एकदा ओल शिरली की कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यानं सुटायला लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी पुस्तकापासून जुने पुठ्ठे वेगळे केले आणि ते कातरणाच्या ढिगावर टाकायला हात उचलला. तेवढ्यात सुटलेल्या कोपऱ्यातून एक डोळा त्यांच्याकडे बघताना दिसला. निळ्या पेन्सिलीनं काढलेला, भलामोठा, आणि वर तीन पापण्या.

काकांनी टोकदार सुरीनं वरचा पापुद्रा थोडासा उचलला. डोळ्याच्या खाली लाल तोंड. तोंडात काहीतरी चौकोनी.

मग मात्र त्यांनी बाकीची सगळी कामं बाजूला सारली. वर जाऊन बायकोची चहाची किटली आणली. "चहा टाकताय?" असं तिनं कौतुकानं विचारलं, तर "पुठ्ठ्याला वाफ द्यायचीय" म्हणाले. बायकोनं कपाळावर हात मारला आणि काय चाललंय ते बघायला मागोमाग खाली आली. पुठ्ठा पाण्यात बुडवला असता तर कागद लवकर सुटले असते, पण रंगाचं काही सांगता येत नाही, म्हणून काका वाफेवर धरून एकेक थर सोडवत बसले. वर्तमानपत्राचे तुकडे निघाले, कुठल्याशा जाहिराती निघाल्या, आणि त्यांच्या मधोमध चित्रं. पाठकोऱ्या कागदांवर लाल-निळ्या पेन्सिलीनं काढलेली. आणि चित्रांच्या मधे चपटी होऊन बसलेली चार पुस्तकं, प्रत्येकी बोटभर रुंद आणि वीतभर लांब. कापलेल्या कागदांच्या कडांच्या पट्ट्या घडी घालून, दोऱ्यानं शिवून केलेली.

पहिल्या पुस्तकावर लिहिलं होतं: 'पुस्तकखाऊ शेळी'.

"अगं बाई," बायको म्हणाली, "हा शिकंजा बघा. आपलाच आहे की!"

एका चित्रात खरंच तो होता, चाकाच्या एका आऱ्याचं टोक मोडलेला. ते टोक आजही मोडकंच आहे. काकांनी अक्षराकडे पाहिलं. वळण कच्चं होतं, पण 'ळ' मधेच गाठ मारल्यासारखा. असा 'ळ' त्यांचे वडील शेवटपर्यंत काढायचे. वडील जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि ते इथं आठ-दहा वर्षांचे होऊन समोर आले होते.

आत्या खिडकीपाशी शिवत होती. किटलीच्या वाफेचा वास तिला आला होता आणि ती मघापासून "काय उद्योग चाललेत?" असं विचारत होती. काकांनी एक पुस्तक नेऊन तिच्या हातात ठेवलं.

तिनं ते चिमटीत धरलं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि ती उसळली. "गाठ बाहेर? अरे लाज वाटते का? घडीच्या आतल्या अंगाला गाठ मारायची, एवढं तुला पाचव्या वर्षी शिकवलंय मी! कुणाचं काम आहे हे? तुझं?"

"नाही," काका म्हणाले.

"मग हिचं?"

"मी नाही हो आत्या," बायको घाईनं म्हणाली. "माझं काही नाही त्यात."

आत्या बडबडत पुन्हा गाठ चाचपू लागली. शिलाईला तीन भोकं होती, मधलं जरा वाकडं. गाठीचा पीळ डाव्या अंगाला. आत्या डावखुरी. तिचा अंगठा त्या गाठीवर थांबला, आणि बडबडही थांबली.

"ही माझी आहे," ती म्हणाली. "मला गाठ आत मारता यायची नाही तेव्हा. दादा चिडवायचा... कुठं मिळालं रे हे?"

काकांनी सगळं सांगितलं. आत्यानं पुस्तक छातीशी धरलं. "बाबांनी घातलं असणार. जमिनीवर पडेल ते पुठ्ठ्यात, असा कायदाच होता त्यांचा. आम्ही दोघांनी किती शोधलं! दोन दिवस रडले मी. दादा म्हणाला, आपण नवीन करू. पण मग मला शिलाईला बसवलं, त्याला कापणीला, आणि ते राहूनच गेलं." मग नाक ओढून म्हणाली, "तो लिहायचा, मी चित्रं काढायचे. वाच."

काका वाचू लागले. शेळीने आधी गणित खाल्ले. ते कडू लागले. मग तिने कविता खाल्ली. ती गोड होती. मग तिने बाबांचा चष्मा खाल्ला. आता शेळीला सगळे स्पष्ट दिसू लागले, पण पोटातल्या पोटात.

आत्या खळखळून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "चित्र कसंय? चष्म्याचं?"

"शेळी आहे," काका म्हणाले.

"ते कळलं. कशी आहे?"

"शेळीसारखी."

"अरे, पण करतेय काय?"

काकांनी चित्र जवळ धरलं, लांब धरलं. पुस्तकाची पाठ किती जाड हे ते डोळे मिटून सांगतील, पण चित्रात काय आहे हे सांगायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. "उभी आहे. आणि शेजारी... म्हैस आहे बहुतेक."

"म्हैस? गोष्टीत म्हैस कुठून आली?" आत्यानं क्षणभर विचार केला. "केस वर बांधलेत का? पदर खोचलाय?"

"हो."

"गधड्या, ती तुझी आजी आहे!"

बायको तोंडात पदर कोंबून आत पळाली.

पुढचे काही दिवस दुकानात दुसरा विषय नव्हता. काका काम करता करता वाचायचे, आत्या शिवता शिवता ऐकायची, आणि चित्राशी आलं की भांडण व्हायचं. चौथं पुस्तक तर फारच अडचणीचं निघालं. त्याच्या शेवटच्या पानावर वडिलांनी लिहिलं होतं, 'आणि मग शेळीने पाहिले तर काय!' आणि त्यापुढे एक अक्षर नाही. नुसतं चित्र. ते काय होतं ते काकांना काही केल्या लागेना. ते म्हणाले, किटली असावी. बायकोनं निरखून बघून सांगितलं, कोंबडी. आत्याला काहीही आठवेना, आणि तिची तगमग बघवेना.

मधे एकदा बायकोनं जेवताना विषय काढला. "बाई पुस्तक न्यायला येतील ना? मग ही आपण ठेवून घेऊ. जुना पुठ्ठा तर आपण टाकूनच देतो, त्याचा हिशोब कोण मागतंय?"

"पुठ्ठा टाकतो," काका म्हणाले. "सापडलेली वस्तू टाकत नाही."

"अहो पण ती वस्तू तुमच्या आत्याची! तुमच्या वडिलांचं अक्षर आहे त्यात!"

काकांना ती पुस्तकं हवी होती. आयुष्यात एखादी वस्तू इतकी हवीशी त्यांना वाटली नव्हती. ताटावरून उठून ते खाली गेले, चारही पुस्तकं आणि सुटी चित्रं एका मोठ्या पाकिटात घातली, आणि पाकीट नकाशांच्या पुस्तकावर ठेवून दिलं. रात्रभर मात्र कूस बदलत राहिले.

बाई आल्या. काकांनी पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि जे होतं ते सगळं सांगितलं. बाई तिथंच स्टुलावर बसून एकेक पुस्तक वाचू लागल्या. चष्मा खाल्ल्याच्या जागी त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की रस्त्यावरचा माणूस आत डोकावला.

"ठेवून घ्या, असं मी म्हणायला हवं," शेवटी त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू का? माझ्या जिवावर येतंय. लहानपणी मी या पुस्तकावर डोकं ठेवून झोपायचे हो. आणि ही शेळी माझ्या कानाखाली होती सगळा वेळ."

काका हिरमुसले. पण बाईंचं बोलणं त्यांना मनापासून पटलंही. त्यांनी मान हलवली.

आत्या बाकावरून म्हणाली, "बरोबर आहे तिचं. पुस्तक तिचं, पुठ्ठा तिचा, मग पुठ्ठ्याच्या पोटातलंही तिचंच. पण बाई, तू शिकलेली आहेस. जाण्याआधी एवढं सांग, ते शेवटचं चित्र कशाचंय? या दोघांना काही समजत नाही."

बाईंनी चित्र उजेडात धरलं. उलटं करून पाहिलं. "टोपी," त्या ठामपणे म्हणाल्या. "पिसं लावलेली टोपी."

"कोंबडी आहे ती," बायको म्हणाली.

"अहो, कोंबडीला कान असतो का धरायला? किटलीच ती!" काका म्हणाले.

"टोपीची कड आहे ती, नीट बघा..."

तिघांची जुंपली. बाईंचा आवाज वर्गातला झाला, बायकोचा नळावरचा. आत्यानं हातातली सुई बाकात खुपसली.

"गप्प बसा सगळे! तिघांनी मिळून वाट लावलीत माझ्या चित्राची!" मग तिचा आवाज एकदम उतरला. "पोरा, त्या डॉक्टरला फोन कर."

काकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "आत्या, खरंच?"

"शेळीनं काय पाहिलं ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. या बाईला सांग, तोवर पुस्तक द्यायचं नाही. दिलेला वायदा मोडला म्हणावं आमच्या दुकानानं, पहिल्यांदाच." आणि मग हळूच, फक्त काकांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तू बरोबर ये हं. दारापर्यंत."

बाई म्हणाल्या, सत्तर वर्षं थांबलीय शेळी, आणखी पंधरा दिवस थांबेल. जाताना त्यांनी पाकीट आणि नकाशांचं पुस्तक दोन्ही टेबलावरच ठेवलं.

त्या पंधरा दिवसांत काकांनी नकाशांच्या पुस्तकाला घातलेल्या नव्या पुठ्ठ्यांचं काम परत हातात घेतलं. पुढच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, अस्तराच्या कागदाखाली, त्यांनी एक कापडी खिसा केला, चार पुस्तकं आणि चित्रांचा गठ्ठा बरोबर मावेल एवढा. असलं काम त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. तीनदा उसवलं. बाईंच्या नातीला पुस्तक उघडल्या उघडल्या शेळी हाताला लागेल, या विचारानं त्यांच्या मनातली खंत बरीचशी निवळली.

डॉक्टरांकडे आत्या दारापर्यंत काकांचा हात धरून गेली आणि दारात सोडायला तयार होईना. नर्सनं एकेक बोट सोडवलं. काका बाहेर बसून राहिले. समोर ठेवलेला चहा निवून त्यावर साय धरली. पण सगळं नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि डॉक्टर म्हणाले, "आजी, डोळा उघडा. किती बोटं आहेत?"

आत्यानं डोळा किलकिला केला, "तीन" म्हणाली आणि परत गच्च मिटून घेतला.

"दुखतंय का?"

"नाही. पण मला आधी घरी जाऊन एक वस्तू बघायचीय. तुमची बोटं बघायला नाही आले मी."

डॉक्टरांनी हात टेकले. चार-सहा दिवस वाकायचं नाही, शिवायचं नाही, डोळा चोळायचा नाही, असं बजावून त्यांनी सोडलं. आत्या सगळा रस्ता काळा चष्मा लावून, आत डोळे मिटून आली. गाडीत, पायरीवर, दुकानात. काकांनी तिला बाकावर बसवलं. भूगोलाच्या बाई आधीच येऊन थांबल्या होत्या, बायको ओले हात पुशीत उभी होती. काकांनी चौथं पुस्तक उघडलं आणि शेवटचं पान तिच्यासमोर धरलं.

आत्यानं चष्मा काढला. डोळा उघडला.

ती बराच वेळ बघत राहिली. चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काय आहे, आत्या?" बायकोला राहवेना.

"कुणाला ठाऊक!" आत्या म्हणाली. "मला काय माहीत काय काढलंय ते! काय गचाळ चित्रं काढायचे गं मी!"

आणि मग सगळे असे हसत सुटले की बाईंना स्टूल धरावं लागलं. आत्यानं बाकीची पुस्तकंही मागून घेतली. लाल रंग किती लाल आहे म्हणाली. दादाचं अक्षर बघून तिनं ते गालाला लावलं. हसू ओसरलं नव्हतं, तसंच तोंडावर ठेवून तिनं मान वर केली, आणि समोर पान धरून उभ्या असलेल्या काकांकडे तिची नजर गेली.

तिचं हसू थांबलं.

"अरे," ती म्हणाली. "तुझे केस पांढरे झाले."

"झाले की. कधीच."

"आणि हे डोळ्यांखाली काय? ये, इकडे ये." तिनं त्यांची हनुवटी धरली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. "तू म्हातारा झालास रे. मला कुणी सांगितलं नाही. मी आपली अजून त्याच पोराला हाका मारतेय." तिचा अंगठा त्यांच्या गालावरच्या सुरकुतीवरून फिरला, जसा शिलाईवरून फिरतो तसा. "तू येतोस कधी, जातोस कधी, जेवतोस कधी, सगळं कळायचं मला. पण हे कळलं नाही."

"तुझ्याएवढा नाही झालो अजून," काका म्हणाले.

"दादासारखा दिसतोस. नाक सोडून." आत्यानं त्यांचं तोंड सोडलं आणि बाक चाचपला. "पेन्सिल कुठंय? लाल-निळी. आणि कागद द्या कुणीतरी."

"आत्या, डॉक्टर म्हणालेत वाकायचं नाही," बायको म्हणाली.

"वाकतंय कोण? बाई, तो पुठ्ठा धर माझ्यासमोर. उभा. असा." बाईंनी शाळेत नकाशा धरायच्या तसा पुठ्ठा दोन्ही हातांनी धरला. बायकोनं त्यावर कागद लावला. आत्यानं डाव्या हातात पेन्सिल घेतली, एक डोळा बारीक केला आणि काकांना बोटानं उजेडाकडे सरकवलं.

"बस तिथं. आणि हलू नकोस."

काका शिकंज्यापाशी खुर्ची ओढून बसले. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून ते गुडघ्यांवर ठेवले. आत्या त्यांच्याकडे बघायची, एक रेघ काढायची, परत बघायची. इतकं निरखून त्यांच्याकडे आजवर कुणीच बघितलं नव्हतं. चित्रात आपण ओळखू येऊ की नाही याची त्यांना मुळीच पर्वा नव्हती. नाकाचा शेंडा सारखा खाजत होता, पण काका हलले नाहीत.